बदकांची भाऊबीज

लोक दिवाळीच्या सुटीत पचमढीला जातात, चिखलदऱ्याला जातात आणि परत आल्यावर सूर्यास्ताचं वर्णन करतात. मी गोंदियाकडे गेले होते आणि वर्णन करणार आहे ते बदकांचं. तीही खरी नव्हेत, रेशमाची. आमच्या भगिनी मंडळातल्या बायका अजून खोचकपणे विचारतात की त्या मुलांच्या कपड्यांचं पुढे झालं काय. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाचं लिहूनच टाकते.

नागपूर

त्या वर्षी मी शिवणवर्गाला जायला लागले होते आणि घरात शिवणयंत्र आलं होतं. ज्या घरात शिवणयंत्र नवं आलंय त्या घरातल्या मुलांची कीव करावी. पडद्यांना झालरी लागल्या, उशांना फुलं आली, घरच्यांच्या रुमालांवर आद्याक्षरं आली. आमचे हे सेक्रेटेरिएटात कारकून. साहेबांपुढे नाक पुसायला रुमाल काढला तर त्यातून मोर बाहेर आला म्हणे, आणि साहेब आपलं बोलणं विसरले.

शिवणवर्गाच्या बाईंकडे विलायती मासिकं येत. त्यातल्या एका चित्रानं माझा घात केला. समुद्रकिनारी सुटीला आलेलं एक कुटुंब. आई, बाप आणि पायरीपायरीनं उभी केलेली मुलं, सगळ्यांच्या अंगात एकसारखे कपडे, प्रत्येकाच्या छातीवर एकेक बदक, बदकाच्या गळ्यात निळी फीत, खाली मुलाचं नाव. मुलं हसत होती. मी ते चित्र पाहिलं आणि माझ्या तिघांकडे पाहिलं. थोरला शरद बाहीला नाक पुसत होता, मधला विजय चड्डी एका हातानं धरून पळत होता, आणि धाकट्या सुधानं फ्रॉकच्या घेरात चिंचोके भरले होते. मी तिथल्या तिथे ठरवलं की यंदा सुटीला जायचं ते असंच, आणि तसाच फोटोही काढून घ्यायचा.

सुटीला जायचं कुठे, हा प्रश्न नव्हता. आमचं बाहेरगाव म्हणजे माझ्या नणंदेचं गाव, चिचटोला. गोंदियाहून छोट्या लाईनीनं जायचं आणि पुढे बैलबंडी. भाऊबीजेला बहिणीकडे गेलंच पाहिजे, आणि नवेगावचं तळं तिथून जवळ, म्हणजे पाणी आलं, पाण्यावर बदकं आली. विलायतेत याहून वेगळं काय असतं?

पोळ्यापासून घरात धड स्वयंपाक झाला नाही. पांढरं पॉपलीन, निळी कड, मुलग्यांना बुशशर्ट, सुधाला चुणीदार फ्रॉक. बाईंची शिस्त अशी की भरतकामाची मागची बाजूसुद्धा पुढच्यासारखी दिसली पाहिजे, गाठ एकही दिसता कामा नये. ज्या बाईच्या कामामागे गाठ दिसते तिच्या घरातही गाठी असतात, असं त्या म्हणत. मी प्रत्येक बदक तीनतीनदा उसवलं.

चौथा कपडा म्हणजे नणंदेच्या मुलीचा फ्रॉक. साडेचार वर्षांची, एकुलती एक. भाऊबीजेला दरवर्षी हे एकटेच जाऊन येत, त्यामुळे मी तिला तोवर पाहिलं नव्हतं. नाव कचरा.

आता पांढऱ्या पॉपलीनवर, बदकाखाली, गुलाबी रेशमानं ‘कचरा’ कसं भरायचं हो? मी सुशिक्षित बाई. मी यांना म्हटलं की नावाचं काहीतरी केलं पाहिजे, आणि मुलीचं नाव ज्योत्स्ना ठेवून टाकलं. त्या जोडाक्षरांनी डोळ्यांत पाणी आणलं, पण एका जिवाचा आपण उद्धार केला असं समाधानही वाटलं. हे शेजारी बसून पान खात होते. त्यांनी एकदा तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. पानामुळे असेल, असं मला वाटलं.

गोंदिया

मुलांना नवे कपडे घरून घातले नाहीत. प्रवासात मळले असते. गोंदियाला गाडी बदलायची, तिथल्या वेटिंगरूममध्ये तोंडं धुऊन कपडे चढवायचे आणि चिचटोल्यात झळकत उतरायचं, असा बेत. निघण्याआधी सुधाच्या कानामागे काजळाची तीट लावली. ती काही मी अंधश्रद्धेनं लावत नाही, लावायची पद्धत आहे म्हणून लावते.

गोंदियाच्या स्टेशनवर उतरलं की आधी बिडीच्या पानांचा वास येतो आणि मग भातगिरण्यांचा कोंडा. तो हवेतूनच येतो आणि पाहुण्यांच्या अंगावर बसतो. बोलणं सगळं हिंदी. मराठी माणूसही हमालाशी हिंदी बोलतो आणि हमाल मराठीत उत्तर देतो. आमची तिन्ही मुलं वेटिंगरूममधून ओळीनं बाहेर आली, तसा एक म्हातारा हमाल डोक्यावरचं ओझं तसंच ठेवून थांबला. त्यानं बदकांकडे निरखून पाहिलं आणि मला अदबीनं विचारलं, “सर्कस किधर लगेगी, बाई?”

हे दुसरीकडे पाहू लागले. शरदनं बदकावर हात ठेवला आणि तो पुढे छोट्या गाडीत बसेपर्यंत काढला नाही.

छोटी लाईन

छोट्या लाईनीचं इंजिन दिसतं खेळण्यातलं, पण निखारे खरे टाकतं. एक ठिणगी खिडकीतून आली आणि विजयच्या कॉलरवर बसली. भोक पडलं. मी लगेच सुईदोरा काढून त्या जागी एक हिरवं पान भरलं. डब्यातल्या बायका शिंगाडे सोलायचं थांबवून पाहत होत्या. एकीनं आमच्या पोरांच्या हातावर शिंगाडे ठेवले आणि बदकाच्या गळ्यातल्या फितीवर बोट ठेवून विचारलं, “याले काऊन बांधलं वो? पळून जाते का?”

मी म्हटलं, विलायतेत बदकाला फीत बांधतात. ती म्हणाली, तिकडची पाखरं चोरटी असतील. मग पाखरू कोणतं यावर डब्यात वाद झाला. एक म्हातारा म्हणाला की सारस नव्हे, पाय आखूड आहेत. दुसऱ्याला तो कोंबडा वाटला. ज्या मुलखात हिवाळ्यात तळी पाखरांनी भरतात, तिथल्या माणसांना माझं बदक ओळखता येईना. मी मनात म्हटलं, यांना कलेची दृष्टी नाही. खिडकीबाहेर पिवळं पडत आलेलं धान नजर पोचेल तिथवर उभं होतं आणि मध्येच एखादं तळं लखकन चमकून जाई. तिकडे पाहायला मला वेळ झाला नाही, कारण विजयच्या दुसऱ्या बाजूच्या कॉलरवरही जोडीला एक पान भरायचं होतं.

चिचटोला

माझी नणंद सगुणाबाई यांच्याहून मोठी, उंच, हाडापेरानं मजबूत, आणि बोलायला लागली की समोरच्यानं आपलं सामान आवरावं. बंडी दारात थांबली तशी ती पायावर पाणी घालायला तांब्या घेऊन आली, भाच्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि भावाला विचारलं, “लेकरायले कोण्या शाळेत टाकलं रे?” नागपूरला पाहुणा आला की आपण आधी प्रवास कसा झाला विचारतो. इकडे जे मनात असेल ते आधी विचारतात आणि मग प्रवास.

तिच्या लुगड्यामागून कचरा बाहेर आली. मोठे डोळे, केसांना तेल नाही, गालाला काजळी फासलेली. आणि अंगात जे होतं त्याला कपडा म्हणायला माझी जीभ रेटेना. ठिगळाला ठिगळ जोडून केलेलं एक अंगडं. एक बाही लाल छिटाची, दुसरी कुणाच्या तरी पायजम्याची, पाठ तीन रंगांची, एक टाका लांब, एक आखूड, आणि गाठी सगळ्या बाहेर, मोजायला बसल्यासारख्या. आमच्या बाईंनी पाहिलं असतं तर त्यांना मीठपाणी द्यावं लागलं असतं.

मी ट्रंक उघडली आणि तिच्यासाठीचा फ्रॉक काढला. कचराचे डोळे बदकावर खिळले. तिनं बोट पुढे केलं आणि तिच्या आईनं ते बोट हवेतच धरलं. मग पोरीला अंगणात पाठवलं, फ्रॉक हातात घेतला, नावावरून अंगठा फिरवला आणि काय लिहिलंय ते भावाला विचारलं. यांनी खाली मान घालून सांगितलं. सगुणाबाईंचा चेहरा उतरला. तिनं फ्रॉकला चुलीतली काजळी लावली, जुन्या फडक्यात गुंडाळला आणि तांदळाच्या कणगीत खोल खुपसून ठेवला. माझा दोन महिन्यांचा जीव त्या कणगीत गेला.

मग मला सांगण्यात आलं. कचराच्या आधीची तीन गेली. शेवटचा मुलगा दोन वर्षांचा होता. मंडईच्या जत्रेला त्याला गोंदियाहून आणलेली लाल साटीनची टोपी घातली, सगळ्या गावानं किती साजरा, किती देखणा म्हटलं, आणि आठ दिवसांत तो तापानं गेला. म्हणून कचरा जन्मली तशी तिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवली, कचरा म्हणून हाक मारली आणि मूठभर कोंडा देऊन शेजारणीकडून परत घेतली. दुधाचे दात पडायला लागेपर्यंत तिच्या अंगावर नवं, कोरं, अखंड काही चढणार नाही. फक्त दुसऱ्यांच्या लेकरांच्या अंगावरचे तुकडे, तेही मागून आणलेले. असल्या पोरीला कुणी पाहत नाही, आणि ज्यानं पाहू नये तो यमही पाहत नाही.

मी यांना अंगणात गाठलं आणि विचारलं की हे माहीत होतं का. म्हणाले, होतं. मग दोन महिने शेजारी बसून पान खाताना सांगितलं का नाही? म्हणाले, “तू मशीनवर होतीस. आवाजात ऐकू गेलं नसतं.”

पुढचे दोन दिवस मी सुधारणा केली. जंतू म्हणजे काय, हिवताप कशानं येतो, पाणी उकळावं, मच्छरदाणी लावावी, असं सगळं सांगितलं. सगुणाबाईंनी सगळं ऐकलं, पाणी उकळायला ठेवलं, मच्छरदाणीचं कापड आणवायचं कबूल केलं, आणि अंगड्याबद्दल एक शब्द बदलला नाही. मला ताटात तळ्यातले मासे, लाखोळीची डाळ आणि नव्या तांदळाचा भात वाढून म्हणाली, खा, सांगून सांगून थकली असशील. माझ्या विद्वत्तेवर इतका गरम भात याआधी कुणी वाढला नव्हता.

मुलांची दशा सांगण्यासारखी नव्हती. गावातली पोरं ‘बँडवाले आले’ म्हणून मागे लागत. शरद बदकावर टॉवेल पांघरून हिंडे. सुधाच्या मागे मात्र कचरा सावलीसारखी. ती काही मागत नसे. सुधा बसली की शेजारी बसे आणि बदकाच्या कडेनं बोट फिरवी. चोच, मान, पाठ, शेपटी, पुन्हा चोच. बोट कापडाला लागू देत नसे, कारण आईनं सांगितलं होतं. मी ते पाहिलं की चिडत असे. कुणावर, ते तेव्हा मला नीट कळत नव्हतं.

भाऊबीज

यांना पाटावर बसवलं, ओवाळलं. यांनी तबकात लुगडं ठेवलं. चांगलं होतं, मीच निवडलं होतं. सगुणाबाईंनी ते कपाळाला लावलं आणि बाजूला ठेवलं. मग निरांजन खाली ठेवून माझ्यापुढे येऊन बसली आणि पदर पसरला. ही बाई कुणापुढे पदर पसरेल असं मला वाटलं नव्हतं.

“सुमन, मले लुगडं नोको. तुह्या लेकरायच्या अंगावरचा एक-एक तुकडा दे.”

मी उठून ट्रंकेतली पिशवी आणली. पॉपलीनच्या उरल्यासुरल्या चिंध्या भरपूर होत्या. तिनं हात लावून पाहिलं आणि परत केल्या. कोरं कापड चालत नाही, लेकरानं घामानं भिजवलेलं पाहिजे. मग मी म्हटलं, गावात एवढी घरं आहेत, त्यांच्याकडून का नाही घेत?

“ज्या घरचं एकबी लेकरू गेलं नाही, त्याच घरचा तुकडा चालते. अंगडं आखूड झालं तिले, पण औंदाच्या तापात दोन घरं कमी झाली. आता मागाले घर नाही उरलं, सुमन. तुही तिन्ही हायेत.”

‘तुही तिन्ही हायेत.’ मी ते कधी असं मोजलंच नव्हतं. तिघं अंगणात एकमेकांच्या उरावर बसून भांडत होती, आणि मी त्यांना तिथूनच पुन्हा एकदा मोजून घेतलं.

मी खुंटीवरून मुलांचे जुने गंजीफ्रॉक काढले. घामानं भिजलेले, विटलेले, नियमात बसणारे. सगुणाबाईंना ते पुरेसे होते, तिनं हातही पुढे केले. तेवढ्यात भांडणातून सुधा बाहेर आली आणि तिच्यामागून कचरा, बोट पुढे केलेलं, बदकापासून दोरा जाईल एवढ्या अंतरावर धरलेलं. चोच, मान, पाठ, शेपटी.

मी गंजीफ्रॉक परत खुंटीला टांगले आणि तिघांना हाक मारली. शर्ट काढा म्हटल्यावर शरदनं इतक्या तत्परतेनं काढला की एक बटण उडालं. विजयनं विचारलं, मी कापू का? सुधा मात्र रडली. तिला सांगितलं की तुझं बदक कचराकडे राहायला जाणार आहे आणि तू वरचेवर त्याला भेटायला यायचंस. त्यावर तिनं अट घातली की फीत सोडायची, म्हणजे त्याला पळून यायचं असलं तर येता येईल. मी फीत उसवली. मग मोठी कात्री घेतली आणि शर्टाच्या छातीतून चौकोन कापला. खरं सांगते, पहिल्या कापाला डोळे मिटले होते. दोन महिन्यांचं काम, तेही बाईंनी वर्गात सगळ्यांना दाखवलेलं. सगुणाबाई म्हणाली, बाई, कडेचा दे, चित्राचा कायले? मी म्हटलं, ओवाळणी देणाऱ्यानं ठरवायची असते.

त्या दुपारी आम्ही दोघी ओसरीवर बसलो आणि अंगडं वाढवलं. तीन बदकं, एक छातीवर, दोन घेराला. मी माझ्या सवयीनं धाग्याची गाठ आत लपवायला लागले, तर तिनं माझा हात धरला. निदान एक तरी गाठ वर ठेवायची, म्हणाली, फार साजरं काम दिसलं की नजर तिथं थांबते. मी म्हटलं, आमच्या बाई उलट सांगतात. तिनं विचारलं, बाईंची लेकरं किती? बाईंना मूल नव्हतं. तेही मी आयुष्यात कधी विचारात घेतलं नव्हतं.

कचरानं अंगडं घातलं आणि बोट सरळ बदकावर टेकवलं. आईकडे पाहिलं. आईनं या वेळी ते बोट धरलं नाही. मग तिनं पूर्ण तळवा ठेवला आणि तशीच उभी राहिली. जेवायला बसवलं तरी एका हातानंच जेवली.

मंडई

भाऊबीज झाली की इकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दंडारीचा नाच-नाटकाचा खेळ होतो, बाया नटून येतात. नागपूरच्या प्रदर्शनात लोक वस्तू पाहायला जातात, मंडईत लोक एकमेकांना पाहायला येतात, आणि पाहतात ते तोंडावर सांगतातही. आमच्या मुलांच्या छातीच्या चौकोनी खिडक्यांबद्दल मला फार ऐकावं लागलं. एकीनं विचारलं की नागपूरला उकडतं का.

गोंदियाचा एक फोटोवाला रंगवलेला पडदा घेऊन आला होता. पडद्यावर समुद्र होता. मी मुलांना पायरीपायरीनं उभं केलं, शेवटी कचरा. सगुणाबाईंनी ऐनवेळी तिच्या गालाला आणखी काजळी फासली, आणि मग थोडी माझ्या तिघांच्याही. मी मध्ये पडले नाही. फोटोवाल्यानं काळ्या कापडाखालून डोकं बाहेर काढलं. “बाई, बच्चों के कपड़ों में छेद है. फोटो में आ जाएगा.” मी म्हटलं, आने दो.

विलायती चित्रासारखा फोटो आला नाही. त्यात मुलं हसत होती, यात तिघं डोळे मिचकावताहेत, गालावर काळे डाग, छातीतून गंजीफ्रॉक दिसताहेत. आणि टोकाला एक मुलगी, चिंध्यांच्या अंगड्यात, बदकावर हात ठेवून सरळ समोर पाहते आहे. शिवणवर्गाच्या बाई घरी आल्या होत्या तेव्हा त्यांनी तो फोटो पाहिला आणि चहा न घेता गेल्या.

त्याला दोन दिवाळ्या होत आल्या. गेल्या आठवड्यात चिचटोल्याहून नवे तांदूळ घेऊन माणूस आला. त्यानं पोतं खाली ठेवलं, पाणी प्यायला आणि निरोप सांगितला की कचराचा पहिला दात पडला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं, मग बाहेर येऊन यंत्रावरची चादर काढली. कणगीतला फ्रॉक आता तिच्या कोपरापर्यंतही जायचा नाही, नवाच शिवायला हवा. त्याच माणसाबरोबर मी उलट विचारणा केली की आता भीती सरली, तर फ्रॉकवर नाव कोणतं घालू, ज्योत्स्नाच की आणखी चांगलं एखादं सुचवता.

काल तोच माणूस उत्तर घेऊन आला. सगुणाबाईंनी त्याला शब्दन्‌शब्द पाठ करवून पाठवलं होतं.

“आता नाव कायले बदलतेस? त्याच नावानं जगली ते.”

तर सध्या मी पांढऱ्या पॉपलीनवर, बिनफितीच्या बदकाखाली, गुलाबी रेशमानं ‘कचरा’ भरते आहे. अक्षरं सुरेख येताहेत, मागची बाजूही पुढच्यासारखीच दिसते. फक्त शेवटच्या कान्याशी एक गाठ वर राहिली आहे, आणि ती मी आत ओढणार नाही.